मढच्या वाडीतलं मीठ

अंधेरीहून रिक्षाने वर्सोव्याच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा माझ्या एका हातात प्लास्टिकची तीन छोटी पिंपं होती आणि दुसऱ्या हातात इंजेक्शनच्या सिरिंजांची पिशवी. रिक्षावाला वाटभर आरशातून बघत होता. शेवटी त्याने विचारलंच, "डॉक्टर काय?"

"मातीचा," मी म्हटलं. त्यानंतर तो सुट्ट्या पैशांपुरतंच बोलला.

आमच्या नगरकडच्या वाचकांना हे काम समजावून सांगायला हवं. खतातला सगळाच नत्र पिकाच्या तोंडी लागत नाही. काही वायू होऊन उडून जातो आणि हवा तापवतो. तो मोजायचा तर वाफ्यावर पिंप पालथं घालायचं, आत साचलेली हवा सिरिंजने ओढायची, बाटलीत भरायची आणि प्रयोगशाळेत न्यायची. मासळीच्या खताने वांगी जास्त येतात का आणि युरियापेक्षा वायू कमी सुटतो का, एवढंच आम्हाला बघायचं होतं. त्यासाठी खाडीपलीकडच्या मढ गावातली हिराबाईंची वाडी (घरामागची भाजीची जमीन) निवडली होती.

खाडी फेरीबोटीने पाच मिनिटांत ओलांडली जाते. पलीकडच्या काठावर बोंबील सुकत होते. मी घाटावरचा, नाकाला रुमाल लावला. शेजारची कोळीण म्हणाली, "काढ रे तो. दोन मिनटात सवय होते." मला झाली नाही.

हिराबाई दारातच उभ्या होत्या. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. "आलास बाला? ये, आधी जेव." तांदळाची भाकरी आणि सुका जवळा घातलेलं वांगं. मी ताटावर ताव मारत होतो. त्यांचा मुलगा जयेश शूटिंगवाल्यांच्या गाड्या चालवतो. तो दाराशी टेकून म्हणाला, "खाऊन घ्या साहेब. युरियाच्या वाफ्यातली आहेत. बाकी वाडीची वाट लागली."

मी उठून मागे गेलो. युरियाचा एक वाफा हिरवागार होता. बाकी सगळी रोपं करपून काड्या झाली होती आणि मातीवर पांढरा पापुद्रा धरला होता. बोटाने उचलून जिभेला लावला. मीठ!

आणि मला दसऱ्याच्या सुमाराचा फोन आठवला. हिराबाईंनी तेव्हा सांगितलं होतं की खारवलेल्या मासळीची डोकी-कातडी आख्खा पावसाळा उघड्यावर भिजल्याशिवाय वाडीत टाकायची नसते, सासूच्या वेळेपासूनची रीत आहे, आणि आत्ताची तर पाऊस सरल्यावरची ताजी आहेत. का, ते मी विचारलं नाही. वासासाठी असेल, असं ठरवून मोकळा झालो. "मावशी, आमची मोजणी याच हिवाळ्यात आहे. आत्ताच टाका." पावसाने धुऊन जायचं ते मीठ जसंच्या तसं जमिनीत गेलं. टाकायचं होतं एका वाफ्यात. पण शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांनी युरियाचा वाफा सोडून वाडीभर टाकलं. मातीच्या डॉक्टराला मीठ कळलं नाही.

हे सगळं एका वाईट वर्षी झालं होतं. दोन हिवाळे वांगी रोडावली होती आणि जयेशने आईला बजावलं होतं की यंदाही धरली नाहीत तर जागा सपाट करून शूटिंगच्या गाड्यांना द्यायची. मला ते ठाऊक होतं.

"बघ ना आई, मी बोललो होतो," जयेश म्हणाला. "तुझं ते जुनं खत!"

मी तोंड उघडणार, तोच हिराबाई म्हणाल्या, "माजीच चूक झाली. घाई केली मी." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. आणि मी ते तसंच राहू दिलं. गुडघ्यांवर बसून पिंपं पालथी घातली, घड्याळ लावून सिरिंजा भरल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. इतकं नीटनेटकं काम मी आयुष्यात केलं नसेल.

परतीच्या बोटीत खाडी शांत होती. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतून निकाल आला. मिठाच्या वाफ्यातून वायू सगळ्यांत कमी. आमचे साहेब खूश झाले. "पण त्यात एकही वांगं नाही," मी म्हटलं. ते म्हणाले, "खाली तळटीप टाका." जिथे काहीच जगत नाही तिथून सुटणार तरी काय, हे तळटिपेत कसं लिहायचं ते मला सुचलं नाही.

आठवड्याने धीर करून फोन लावला. "मावशी, चूक माझी होती. जयेशला द्या, मी सांगतो त्याला."

मागे यंत्राची घरघर चालू होती.

"आता कशाला रे बाला," त्या म्हणाल्या. "सकाळपासून वाडीत मातीची भरणी टाकतायत. तू जेवलास काय?"