चौकोनी आठशे

भुसावळात पाण्याचा दिवस म्हणजे घरातल्या बाईची परीक्षाच. मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी सातला नळ आला. कुंदाबाईंनी टाकी भरली, पिंप भरलं, शेजारणीच्या दोन बादल्याही भरून दिल्या आणि कळशी कमरेवर घेऊन वळल्या, तर ओट्यावर भाईदास नव्हते. चहाची बशी होती, चष्मा होता, चपलासुद्धा जागच्या जागी होत्या. माणूस तेवढा नव्हता. कुंदाबाईंनी कळशी तशीच खाली ठेवली आणि वाहता नळ सोडून त्या रस्त्यावर आल्या. ज्या बाईनं जन्मात पाण्याचा थेंब वाया घालवला नव्हता, तिनं नळ सोडला, यावरूनच काय ते समजा.

भाईदास मूळचे शिंदखेड्याकडचे. पंचविशीत सावद्याला आले आणि केळीच्या एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर म्हणून लागले, ते शेठ वारले तोवर. भुसावळला घर केलं ते त्यानंतर. सव्वीस वर्षांत तीन गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या आणि तिन्ही जपानी कुळातल्या. शेठांना दुसरी गाडी चालतच नसे. पहिली मारुती आठशे, अगदी सुरुवातीची, चौकोनी डबीसारखी. ती नव्वद साली विकली आणि मारुती हजार आली. शेवटी चंदेरी लान्सर. भाईदासांचा नेम एकच होता. शेठ बाग बघायला उतरले की आधी ओल्या फडक्यानं गाडी पुसायची, मग कोरड्या, आणि मागच्या सीटवर जुनी चादर अंथरून दार धरून उभं राहायचं. केळीचा चीक लागला की डाग जन्माचा बसतो. शेठ येईपर्यंत ड्रायव्हरनं बूड टेकायचं नाही, असं त्यांचं स्वतःचंच शास्त्र होतं.

त्यांचं लग्न एक्याण्णव सालचं, म्हणजे हजारच्या काळातलं. शेठांनी वरातीला नवी गाडी दिली, पण नवरदेव काही दुसऱ्याला स्टेअरिंगला हात लावू देईना. बोदवडपासून स्वतः चालवत आला, बाशिंग शेजारच्या सीटवर. नवरी मागे, पाठराखिणीजवळ. सगळं गाव हसलं. नवरदेवाचं मात्र रस्त्याकडे कमी आणि आरशात जास्त लक्ष होतं. वरणगावाजवळ केळीनं भरलेल्या बैलगाडीवर गाडी जाता जाता राहिली, तेव्हा पाठराखीण ओरडली होती, "पाव्हणं, पुढं बघा, ती कुठं पळून चालली नाही!" कुंदाबाईंना ते आठवलं की पस्तीस वर्षांनीही ओठ दाबून हसू यायचं.

मग चार वर्षांपूर्वी भाईदासांची आठवण झिरपायला लागली. आधी किल्ल्या, मग नातवाचं नाव, मग घराची गल्ली. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, "डोकं चालतं ठेवा, आवडीचं काहीतरी करू द्या." आवडीचं म्हणजे काय, तर गाड्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं हायवेलगतच्या बंद पिठगिरणीच्या पायरीवर बसायचे आणि जुन्या जपानी गाड्या हुडकायचे. कांद्याची पोती लादलेली क्वालिस, दाराला दोरी बांधलेली होंडा सिटी, टपावर पाण्याचे जार घेऊन जाणारी ओम्नी. भाईदास सांगायचे आणि कुंदाबाई शिकायच्या. ज्या बाईला सायकलचा मागचा-पुढचा ब्रेक कळत नव्हता, ती आता मागच्या दिव्यांवरून लान्सर ओळखायला लागली. एकदा तशीच एक चौकोनी आठशे समोरून गेली. रेल्वे कॉलनीपलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या योगराज या रिटायर क्लार्कची. भाईदास ताडकन उठून उभे राहिले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत बसले नाहीत. कुंदाबाईंना त्याचं कौतुक वाटलं होतं.

कौतुक वाटून घ्यायची ती शेवटची वेळ. नंतर ते हरवायला लागले.

पहिल्यांदा हरवले तेव्हा बाजारात एका चंदेरी लान्सरजवळ सापडले, दार धरून उभे. बायकोला पाहून म्हणाले, "कुंदा, तू इथं कशी? शेठ येतील ना." चार महिन्यांनी पुन्हा गेले, तेव्हा कोर्टाजवळ एका वकिलाच्या मोडक्या हजारला टेकून होते. "हितू शाळेतून आला का?" त्यांनी विचारलं. हितू म्हणजे हितेंद्र, त्यांचा मुलगा. तो सुरतला असतो आणि त्याला स्वतःला शाळेत जाणारा मुलगा आहे. त्या रात्री कुंदाबाईंचा डोळा लागला नाही. त्यांना उमगलं होतं की नवरा रस्त्यानं चालत नाही, वर्षांमधून मागे मागे चालतो. ज्या गाडीजवळ सापडेल, त्या गाडीच्या सालात तो राहतो. लान्सरच्या सालात बायको होती, हजारच्या सालातही होती.

त्यापुढचा हिशेब त्यांनी केला नाही. म्हणजे केला, पण मनाला सांगितला नाही.

तर त्या मंगळवारी कुंदाबाई निघाल्या त्या लान्सर शोधायला. गावात तीन होत्या, तिन्ही त्यांना पाठ. एक खोळीत झाकलेली, तिच्याखाली कुत्री झोपलेली. एक कांद्याच्या वखारीत. तिसरी चाकं काढून विटांवर ठेवलेली. तिन्हींजवळ भाईदास नव्हते. हितेंद्रचा फोन आला, "आई, आधी पोलिसांत जा, मी निघतोच." त्या गेल्या. हवालदारानं वय, उंची, शर्टाचा रंग लिहून घेतला आणि विचारलं, "कुठं जाण्याची शक्यता?"

"जुन्या जपानी गाडीजवळ," त्या म्हणाल्या. हवालदारानं पेन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवून म्हणाला, "काकू, आधी पाणी प्या."

तिथून वकिलाची हजार. तिच्या बॉनेटवर कोणी तरी गोधडी वाळत टाकली होती, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. कुंदाबाई अर्धा तास तिथं उभ्या राहिल्या. येतील, इथंच येतील, असं म्हणत राहिल्या. बारा वाजले. भुसावळचं ऊन म्हणजे चेष्टा नाही, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि भाईदास तर अनवाणी होते. रिक्षा करून त्या बसस्टँडला गेल्या, स्टेशनला गेल्या, पुन्हा तिन्ही लान्सरांना फेरी मारून आल्या. रेल्वे कॉलनीच्या वळणावरून रिक्षा दोनदा गेली. दोन्ही वेळा रिक्षावाल्यानं विचारलं, "इकडे बघायचं का अक्का?" दोन्ही वेळा त्यांनी सांगितलं, "नको, तिकडे नसतील."

तिकडे असतील हे त्यांना सकाळपासून ठाऊक होतं. मारुतीच्या देवळासमोर रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि जे मागितलं, ते कुठल्या बाईनं मागू नये. देवा, सापडू दे, पण तिथं नको. सापडायला उशीर झाला तरी चालेल, पण तिथं नको.

तीन वाजता जाण्यासारखी दुसरी जागाच उरली नाही, तेव्हा त्या योगराजच्या फाटकाशी उतरल्या.

भाईदास तिथंच होते. अंगात बनियन, शर्टाचं फडकं केलेलं, आणि चौकोनी आठशेची काच ते गोल गोल पुसत होते. गाडी आरशासारखी लखलखत होती. योगराज धावत आले. "वहिनी, नऊपासून पुसताहेत. बसा म्हटलं तर म्हणतात, शेठ बागेत गेलेत. पाणी तेवढं घेतलं. माझ्याकडे तुमचा नंबर नव्हता हो, म्हटलं कोणीतरी शोधत येईल."

कुंदाबाईंचं लक्ष पायांकडे गेलं. तळव्यांना टरटरून फोड आले होते, एक फुटला होता. मी नऊला आले असते तर हे झालं नसतं. माझ्या भित्रेपणानं यांचे पाय भाजले, असं त्यांच्या मनात आलं.

"अहो," त्या जवळ जाऊन म्हणाल्या, "चला, घरी चला."

भाईदासांनी हात थांबवला. परक्या बाईशी बोलताना बोलतात तशी नजर खाली घातली. बोलीही तरुणपणीची, शिंदखेड्याकडची निघाली, जी लग्नानंतर त्यांनी टाकून दिली होती. "गाडी सोडीसन कसा येऊ, बाई? शेठ बागमा गयात. येतीनच आते."

"मी कोण, ओळखलं का?"

त्यांनी निरखून पाहिलं. "शेठना घरन्या ना तुम्ही?"

नाही म्हटलं असतं तर ते जागचे हलले नसते. बायकोचं त्यांनी ऐकलंच नसतं, कारण त्या सालात बायको नव्हतीच. शेठांच्या घरचं माणूस म्हटलं तर ऐकणार होते. कुंदाबाईंनी पदर सावरला. "हो," त्या म्हणाल्या, "शेठांच्या घरची. शेठ उशिरा येतील. मला आधी सोडायचंय."

भाईदासांना हायसं वाटलं. त्यांनी लगबगीनं मागच्या सीटवर आपला शर्ट नीट पसरला, चारी कोपरे हातानं सारखे केले आणि दार धरून उभे राहिले. "बसा. डाग नही लागाव आते."

योगराजनं किल्ली खिशातच घट्ट धरली होती. कुंदाबाईंनी त्यांना डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं आणि त्या मागे बसल्या. आयुष्यात दुसऱ्यांदा त्या नवऱ्याच्या गाडीत मागे बसल्या होत्या. भाईदास पुढे बसले, स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवले. गाडी जागची हलली नाही, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

"कथा जानं शे, बाई?" कुठं जायचं ते त्यांनी विचारलं.

जे तोंडात आलं ते कुंदाबाई बोलल्या. "बोदवडला."

"बोदवडले?" भाईदास लाजल्यासारखे हसले. "पुढला महिनाले माले बी बोदवडलेच जानं शे. पोरगी देखाले."

कुंदाबाईंनी पुढच्या सीटची पाठ धरली. "नाव काय तिचं?"

"नाव काही इचारं नही मी."

"कुंदा," त्या म्हणाल्या. "तिचं नाव कुंदा आहे."

भाईदासांनी मान डोलावली, मालकाच्या घरच्या माणसापुढे ड्रायव्हर डोलावतो तशी. मग समोरच्या भिंतीवर नजर लावून ते गाडी चालवत राहिले. कुंदाबाई आरशात बघत बसल्या होत्या. भाईदासांनी आरशातून एकदाही मागे पाहिलं नाही.