हिंगणघाटची उलट्या दाराची एसटी

खेळण्यातल्या गाडीसाठी खऱ्या गाडीत धक्के खात जाणारा माणूस वेडाच म्हणायचा. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तो वेडा मी होतो. आम्हा नागपूरच्या चार हौशी मित्रांना देशात बनणाऱ्या छोट्या गाड्यांचा इतिहास लिहायचा होता. जस्ताच्या ओतीव मोटारी कित्येकदा परदेशी कंपन्यांच्या जुन्या साच्यांतून निघायच्या, एवढं कळलं होतं. अडलो होतो एका प्लास्टिकच्या लाल एसटीपाशी. तिचं दार उजवीकडे अन् ड्रायव्हर डावीकडे! "युरोपातल्या बसची नक्कल, सोडून द्या," असं आमच्यातल्या अनंतरावांनी जाहीर करून टाकलं. मला काही ते पटेना. दुकानदाराकडून हिंगणघाटचा पत्ता घेतला आणि निघालो.

आता रस्ता झकास झालाय. तेव्हा तिकीट स्वस्त होतं, पण हाडं खिळखिळी व्हायची. वाटेत जाम गावच्या चौरस्त्यावर गरम आलूपोहे खाल्ले, तिथे जाल तर चुकवू नका. हिंगणघाटात जिनिंगसमोर कापसाच्या बैलबंड्यांची ही रांग! स्टँडपासून चालत गेलो तर स्वेटरभर कापूस.

टिनाच्या शेडमध्ये पंचफुलाबाई हातप्रेस चालवत होत्या. साचा कोरणारे त्यांचे यजमान नथ्थूजी, जिनिंगमधले फिटर, वर्षापूर्वीच वारले होते. बाईंनी दांडा ओढला, साचा उघडला आणि कोमट एसटी माझ्या हातावर ठेवली.

"दाराचं इचाराले आले ना जी?" त्या हसल्या. "आमच्या यायनं स्टँडवर बसून बसचं चित्र काढलं, अन् जसं दिसलं तसंच लोखंडात कोरलं. पयली गाडी निंघाली तं ठशावानी सारं उलटं! लय हासलो आमी."

"मग दुसरा साचा का नाही केला?"

"लोखंड कुठून आनाचं? पोट्ट्यायले तं काईच फरक नाई पडला. मोठेच म्हनत राह्यले, नक्कल हाय. ते यायले शेवटलोक डाचलं, भाऊ."

भिंतीवर छोटा आरसा होता. एसटी त्याच्यासमोर धरली आणि मी ओरडलोच. दार, ड्रायव्हर, टपावर चढायची शिडी, सगळं जागच्या जागी! स्टँडवर उभी असते तशी आपलीच एसटी. युरोपातल्या बसचं दार आरशात डावीकडे येईलही, पण ती शिडीसकट हुबेहूब एसटी कशी होईल? बाईंनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पदर डोळ्यांना लावला. मग मला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही. भाकर, वांग्याची भाजी, तुरीचे दाणे... ती चव आजही आठवते.

नागपूरला आमच्या प्रदर्शनात ती एसटी मांडली, खाली नथ्थूजींचं नाव लिहिलं. अनंतरावांनी स्वतःच ते ठळक करून घेतलं, एवढा मोठेपणा त्यांच्याकडे होता. पंचफुलाबाई आल्या आणि दिवसभर टेबलापाशी उभ्या राहिल्या.

त्यानंतर मी खूप गाड्या जमवल्या, महागड्याही. पण पंचफुलाबाई आणि नथ्थूजींचा मी कायमचा ऋणी आहे, कारण इतिहास माणसांचा असतो हे मला तिथं कळलं. ज्या दारापायी नथ्थूजींवर नकलेचा आळ आला, तेच बाई त्या दिवशी प्रत्येकाला आधी दाखवत होत्या. "हे पाहा जी, उलटं हाय. आमच्या यायनं केलं."