परसातली पाहुणी

वन्संना काहीही विचारलं की उत्तर एकच येई, "चालेल." भात मऊ करू की मोकळा? चालेल. लुगडं हिरवं आणायचं की जांभळं? चालेल. लग्न होऊन आले तेव्हा मला हा त्यांचा समजूतदारपणा वाटला. पुढे त्याचा राग येऊ लागला. मग कधी तरी लक्षात आलं, की त्यांना खरोखरच कशानं काही फरक पडत नव्हता.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. नाशकात रविवार कारंज्याजवळ आमचं भाड्याचं बिऱ्हाड होतं आणि हे कचेरीत कारकून होते. वन्संना येवल्याला दिलेलं. मूल होईना म्हणून त्यांच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि चार दिवस माहेरी राहून ये असं सांगून त्यांना आमच्याकडे पाठवलं. न्यायला कोणी आलं नाही. आळीतल्या बायका येऊन हळहळायच्या, त्यांच्या नवऱ्याला नावं ठेवायच्या. वन्सं तांदूळ निवडत ऐकून घ्यायच्या आणि मध्येच उठून आलेल्या बाईला पाणी विचारायच्या. रडताना मी त्यांना पाहिलं नाही. हसतानाही नाही.

घरात त्या हलक्या पावलानं वावरत. मोरीशेजारची अंधारी खोली त्यांनी आपणहून घेतली. जेवायला शेवटी बसत आणि उरलं असेल ते जेवत. मी कधी आग्रह केला तर म्हणत, "इंदू, मला नसतं गं कळत भूक लागलीय की नाही ते. वाढशील तेवढं खाईन." हे त्या तक्रार म्हणून सांगत नसत. आज वारा पडलाय, असं कुणी म्हणावं तसं म्हणत.

सरपण आणायला त्या गल्लीच्या टोकाच्या वखारीत जात. त्या वर्षी वखारीचा मालक वारला. मुलगे मुंबईला. त्यांच्यात वाटण्यांवरून बिनसलं आणि वखारीला कुलूप लागलं. आत राखणीची कुत्री होती, ती साखळीला तशीच राहिली. सुरुवातीला कुणी कुणी कुंपणावरून भाकरतुकडा टाकत होतं, मग तेही थांबलं. मीही त्या वाटेनं जात होते. साखळीचा आवाज कानावर यायचा. पुढे त्याची सवय झाली.

एक दिवस दुपारी वन्सं परत आल्या त्या मागच्या दारानं. कुंपणाची फळी काढून त्या आत शिरल्या होत्या. पदराला गंज लागला होता आणि त्यांच्या हातातल्या सुंभाच्या टोकाला ती कुत्री होती. अंगावर केस म्हणून नव्हते. कातडं हाडांना चिकटलेलं. साखळी मानेत रुतून तिथं जखम झालेली आणि जखमेत किडे. वास इतका होता, की मी पदर नाकाला लावून घरात गेले. वन्संनी परसातल्या सीताफळीचा पाला ओरबाडला, वाटला आणि त्याचा रस जखमेत पिळला. किडे बाहेर पडू लागले तसे काडीनं वेचून काढले. कुत्री ओरडली नाही, चावलीही नाही. मान टाकून पडून राहिली. दोघी एकमेकींकडे बघतही नव्हत्या.

घरमालकीण सोवळ्याओवळ्याची कडक. तिनं परसात येऊन बरंच सुनावलं. वन्सं म्हणाल्या, "बरी झाली की जाईल ती. पाहुणी आहे." त्या दिवसापासून त्या कुत्रीला हात लावल्यावर प्रत्येक वेळी आंघोळ करू लागल्या. थंडीतसुद्धा. मालकिणीला मग बोलायला जागा राहिली नाही. शिवाय दर गुरुवारी ती दत्ताला जायची आणि तिथं तसबिरीत देवाच्या पायाशी कुत्रीच होती.

कुत्रीला भात-ताक, कधी दूध-भाकरी. पहिले काही दिवस वन्संना तिला हातानं भरवावं लागलं. ती खाईना तेव्हा वन्सं तिच्या मातीच्या परळासमोर नुसत्या बसून राहत. समजूत घालणं नाही, गोंजारणं नाही. संध्याकाळी मी दिवा लावायला गेले तरी दोघी तिथंच. अशीच एकदा ती उठून परळाशी गेली आणि सगळं चाटून पुसून खाल्लं. मला आनंद झाला. वन्सं म्हणाल्या, "खाल्लं," आणि परळ विसळायला गेल्या.

तिला नाव मात्र त्यांनी ठेवलं नाही. मी दोन-चार नावं सुचवली. त्या म्हणाल्या, "जिथं कायमची राहील ते ठेवतील. आपण ठेवलं तर तिला ते पुन्हा विसरावं लागेल."

केस आले, मान भरली. मातकट रंगाची, पांढऱ्या पायांची चांगली देखणी कुत्री निघाली ती. मग मागायला लोक आले. पहिला आला तो भांड्यांच्या गोदामवाला. हे लगेच तयार झाले, वन्संना विचारणं हा केवळ उपचार होता. वन्सं दारात आल्या आणि त्यांनी विचारलं, "बांधणार का तिला?"

तो हसून म्हणाला, "कुत्रं बांधायचंच असतं, ताई."

"मग नाही देणार," वन्सं म्हणाल्या.

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे. त्या घरात वन्संच्या तोंडून 'नाही' आम्ही प्रथमच ऐकत होतो.

पुढे बुधवारच्या बाजाराला येणारी भागाबाई तयार झाली. सायखेड्याची ही बाई आमच्याकडे वांगी, मेथी घेऊन यायची. तिचा जुना कुत्रा म्हातारा होऊन मेला होता. ती परसात येऊन उकिडवी बसली, कुत्रीनं तिचा हात हुंगला. वन्संनी तिला पुष्कळ विचारलं. घरात कोण कोण, पावसाळ्यात कुठं झोपेल, मुलं दगड मारतात का. भागाबाई म्हणाली, "बाई, आमचं घर मळ्यात हाय. बांधायचं काम नाय. आमी खाऊ ते ती खाईल. आनखी काय सांगू तुमाला?"

कुत्री बैलगाडीत चढेना. तेव्हा वन्संच गाडीत बसल्या, मग ती चढली. गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत त्या तशाच गेल्या, तिथं उतरल्या आणि मागे न बघता चालत घरी आल्या. परळ धुऊन भिंतीशी पालथं घातलं. रात्री वाढलं तेवढं जेवल्या. मी विचारलं, वाईट वाटतंय का? त्यांनी थोडा वेळ विचार केला. "काही तरी वाटायला हवं," म्हणाल्या, "पण शोधलं तर सापडत नाही."

पावसाळा संपता संपता येवल्याहून त्यांचे दीर आले. वन्संच्या धाकट्या सवतीला दिवस गेले होते, तिला विश्रांती हवी होती आणि घरात हाताखाली माणूस नव्हतं. झालं गेलं विसरून मोठ्या मनानं चला, असं त्यांचं म्हणणं. यांनाही ते पटलं. बहिणीचं घर पुन्हा उभं राहतंय असंच यांना वाटत होतं. वन्सं चहा गाळत होत्या. कप दिरांच्या पुढे ठेवून म्हणाल्या, "मी येणार नाही."

दीर तावातावानं बोलले. हेही चिडले. लोक काय म्हणतील, आम्ही जन्मभर पुरणार आहोत का, असं सगळं झालं. वन्सं ऐकत उभ्या होत्या. शेवटी यांना म्हणाल्या, "विनायका, पुण्याला बायकांना नर्सचं काम शिकवतात. तिथं जाते मी. कुणाला विचारायचं ते तेवढं विचार." कुत्रीची त्या वेळी मला आठवण झाली असं मी म्हणणार नाही. झाली नाही. चहा निवतोय एवढंच मला दिसत होतं.

पुण्याहून होकार आला. जाण्याआधी त्या म्हणाल्या, सायखेड्याला जाऊन येऊ. निफाडपर्यंत आम्ही आगगाडीनं गेलो, पुढे बैलगाडीनं. नदीकाठचा मळा, कांद्याची नुकती लावणी झालेली. आम्ही वाटेवर दिसताच कुत्री धावत आली आणि थोड्या अंतरावर थांबून जोरात भुंकू लागली. अंग फुगवून, दात दाखवून. वन्सं पुढे झाल्या तशी ती आणखीच चिडली. भागाबाई ओशाळून धावत आली, "अगं गंगे, वळखलं नाय का? तुझी बाई हाय ती," म्हणत तिला मागे ओढू लागली.

"ओढू नका," वन्सं म्हणाल्या. "भुंकू द्या तिला. परकं माणूस दारात आलंय."

त्या तिथंच वाटेवर उभ्या राहिल्या. कुत्रीचं भुंकणं थांबेपर्यंत पाहत होत्या. चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. मग ती वळली आणि ओसरीवर भागाबाईच्या सुनेच्या पायाशी जाऊन बसली. भागाबाईनं भाकरी आणि ठेचा वाढला, तो खाऊन आम्ही निघालो. कांद्याला यंदा भाव मिळेल का, असं वाटेत वन्संनी गाडीवानाला विचारलं.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना नाशिकरोडला पोचवायला गेले. गाडी लागली. दिवाळीला या, मी म्हटलं. त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "येईन. पण माझी खोली रिकामी ठेवू नका, इंदू. भाडेकरू ठेवा."

पुढल्या महिन्यात आम्ही ती खोली एका शाळामास्तरांना दिली.