करंगळीनं बोलणारे आबा

त्या सकाळी माझ्या लेकीला, सईला घेऊन मी पुण्यात थेरपिस्ट मॅडमकडे बसले होते. शेजारच्या नामदेवभाऊजींचा फोन आला. "वहिनी, जरा घरी या. आबांना बरं न्हाई." आपल्याकडे फोनवर एवढंच सांगतात. आमच्या गावी, माल्याला पोहोचेपर्यंत मी मनाला समजावत राहिले, ताप असेल, चक्कर आली असेल... अंगणात माणसं दिसली आणि कळलं. माझे सासरे भातखाचराच्या बांधावर बसल्या बसल्याच गेले होते. आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेनं, सईला तशीच शेजारी नेऊन ठेवली. "पोरीला कशाला दावायचं?" म्हणाल्या. आज महिना उलटून गेलाय. लोक आबांबद्दल बोलताना त्यांचं भाताचं पीक आणि त्यांचा तापट स्वभाव सांगतात. मला मात्र त्यांची करंगळी आठवते.

सई आता नऊ वर्षांची आहे. तिला ऐकू येतं, सगळं समजतं, पण तोंडातून शब्द येत नाही. काही हवं असलं की हात धरून ओढायची, आणि आम्हाला कळलं नाही की भिंतीवर डोकं आपटायची. ती पाच वर्षांची असताना मॅडमनी तिच्यासाठी टॅब घ्यायला सांगितला. पडद्यावर चित्रांचे चौकोन, चित्राला बोट लावलं की टॅब तो शब्द मोठ्यानं बोलतो. आबांना हे बिलकूल पटलं नाही. मॅडमच्या तोंडावरच म्हणाले, "डबाच बोलाय लागला, तर पोरगी कशाला तोंड उघडंल?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आबा, तसं होत नाही. बोलणं यायचं असेल तर त्यानं थांबत नाही. आणि तोवर तिनं मनातलं कुणाला सांगायचंच नाही का?" मग त्यांनी आम्हाला विचारलं, की लहान मूल आपलं ऐकून ऐकून बोलायला शिकतं, तर सईच्या या भाषेत तुमच्या घरात कोण बोलतं? कोणीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मला म्हणाले, "आण ते. कसं बोलायचं दाव."

पहिली अडचण वेगळीच निघाली. उभा जन्म चिखलात आणि औतावर गेलेला, बोटांना भेगा आणि घट्टे. टॅबला ती बोटं कळेचनात. आबा दाबून दाबून वैतागले. शेवटी एकेक बोट लावून पाहिलं, तेव्हा करंगळी तेवढी चालली. दुसरी अडचण टॅबच्या आवाजाची. "मला पाणी हवे आहे," असं तो म्हणाला, तसे आबा दचकले. "ही कोन मास्तरीण? आपल्यात आसं कोन बोलतं?" मग शेजारच्या शाळकरी मुलीला बसवून तिच्या आवाजात आम्ही एकेक शब्द आपल्या बोलीत भरला. दी, नगं, लई, हितं, आबा, आई.

तेव्हापासून रोज दुपारी ओसरीवर दोघं बसत. मला स्वयंपाक आणि गोठा, सईच्या बाबांना पिरंगुटच्या कंपनीतल्या पाळ्या. आबा तेवढे मोकळे, आणि मुळातच बोलके. त्या वेळात ते तोंडानं शब्द काढत नसत. करंगळीनं सांगायचे, भात खाल्ला. पाऊस आला. गाय हितं. सई दुसरीकडे बघत झुलत राहायची. एक पावसाळा गेला, दुसरा आला. डेअरीवरची माणसं हसायची, म्हातारपणी आबांना मोबाईलचा नाद लागला म्हणून. "नाद न्हाई," आबा सांगायचे, "नातीची बोली शिकतुया."

एका दुपारी आबा असेच काहीबाही सांगत होते, आणि सईनं त्यांचा हात बाजूला सारला. दोन चौकोन दाबले. "आबा. गप." मी भाकरी टाकायची थांबले. जन्मात पहिल्यांदा माझी लेक दोन शब्द जोडून बोलली होती. आबा खरंच गप्प झाले... मग टोपी घातली आणि डेअरी गाठली. भेटेल त्याला सांगत सुटले, "माजी नात मला गप म्हनली." मोठ्या माणसाला गप म्हणणं ज्या घरात खपलं नसतं, त्या घरात त्या दिवशी शिरा झाला. पुढे तिनं कान दुखतोय सांगितलं, भाजीत मीठ जास्त झालंय सांगितलं. डोकं आपटणं थांबलं. आबांनी तिला दिलेलं हे देणं मी कधी फेडू शकणार नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

दहावं झालं, तेरावं झालं, आणि सई विचारायला लागली. "आबा कुटं?" आम्ही म्हणालो, आबा गेले. तिनं तिच्या चपला आणल्या आणि दाबलं, "सई जायचं आबा." आक्का म्हणाल्या, "देवाघरी गेलं म्हन." तसं सांगितलं, तर मला हाताला धरून देवळात नेलं आणि मूर्तीच्या मागं वाकून आबांना शोधायला लागली. कुणी सापडेना, तशी तिनं स्वतःच्या मनगटाला चावा घेतला. त्या संध्याकाळी मी टॅबमध्ये नवा शब्द भरला. मेलं. आक्का संतापल्या. "मानसाला आसं म्हनत्यात व्हय? ढोराला म्हनत्यात." मी म्हणाले, "आक्का, तिला खरं कळेल असा दुसरा शब्द माझ्यापाशी नाही." सईला जवळ घेऊन तो चौकोन दाखवला. आपली गाय मेली तेव्हा उठेना, खाईना झाली होती ना, तसं आबांचं झालं. ते आता येणार नाहीत.

तिनं टॅब मांडीवर ओढून घेतला. मग दाबलं, "आबा मेलं." आणि पुढं, "नगं."

आक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. सईचे बाबा नुकतेच कामावरून येऊन दारात उभे होते. वडील गेल्यापासून त्यांच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, आणि टॅबला तर त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते जेवणाचा डबा खाली ठेवून पोरीशेजारी बसले. कोणता शब्द कुठं आहे ते माहीत नसल्यानं चौकोनांवरून बोट फिरवत शोधत राहिले. सई त्यांचं बोट बघत होती. शेवटी एकेक करत सापडले.

"मला बी नगं," टॅब बोलला.