सुभद्राकाकूंची मोहरीची भाजी

सुभद्राकाकू भाजी कधी चाखून बघत नसत. झाकण उचलायचं, वाफ हाताने नाकाकडे ओढायची आणि निकाल द्यायचा, "लसूण कच्चा हाय. जरा दम धर." खुटबावात कुणाचंही कार्य असो, आचाऱ्याच्या मागे काकू उभ्या असायच्याच. मी लग्न होऊन त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा माझ्या चुलीवर काय उतू चाललंय हे माझ्याआधी त्यांना कळायचं. भिंतीपलीकडून हाक यायची, "मनीषा, दूध बघ!"

साथीच्या वर्षी काकूंना ताप आला. ताप उतरला, पण वास आणि चव परत आली नाही. मुलगा दत्ता कुरकुंभला कंपनीत होता. त्याने सुट्ट्या टाकून पुण्याच्या डॉक्टरांनाही दाखवलं. "येईल हळूहळू," एवढंच सगळे म्हणत. काकू म्हणायच्या, "तोंडात माती भरल्यावानी वाटतंय बघ."

पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी हट्टाने रस्सा केला. पंगतीत वाट्या भरलेल्याच राहिल्या. काकू खांबाला टेकून ते बघत होत्या. मग एके दुपारी मला भिंतीपलीकडून गॅसचा वास आला. धावत गेले, तर बटण सुरूच होतं आणि काकू शेगडीपुढे बसून निवांत शेंगा फोडत होत्या. संध्याकाळी दत्ता म्हणाला, "आई, आता शेगडीला हात लावायचा न्हाई."

त्या हिवाळ्यात गव्हाच्या कडेने मोहरी होती. आमच्याकडे तिचे दाणे ठेवतात, पाला गुरांपुढे जातो. खुरपताना काकूंनी सहज एक पान चावलं आणि ओरडल्या. मला वाटलं, काही चावलं. जवळ गेले तर डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "झोंबलं गं! पार नाकात झोंबलं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोठ्याशेजारी तीन दगड मांडले. पहिल्यांदा पाल्याची भाजी मेथीसारखी शिजवली, तर सगळा झोंबरेपणा गेला. "शिजली की मरती ती," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपली रीत बसवली. पानं पाट्यावर जाडसर ठेचायची, तेलात लसूण-मिरची तडतडली की जाळ ओढायचा आणि पाला टाकून नुसता एकदा फिरवायचा. वर बाजरीची भाकरी. रोज तेच. सुनेने एकदा खाल्ली, नातवंडांनी थुंकून टाकली. "आसू दे. मला येवढं तरी कळतंय," असं म्हणून काकू एकट्याच तिथे जेवायच्या, पदराने डोळे पुसत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, म्हातारी रडत जेवते. कधीकधी ते खरंही असायचं.

गहू निघाला, मोहरीही गेली. पावसाळा सरता सरता काकूंनी अंथरूण धरलं आणि अन्न जवळजवळ तुटलं. पेरण्या अजून व्हायच्या होत्या. मी कुरकुंभला ऑफिसात काम करते. तिथल्या बाजारात एक बिहारी बाई खोलीमागे लावलेला मोहरीचा पाला विकायला आणते. तो आणला, काकूंच्या रीतीने ठेचून केला. चाखताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

काकूंनी घास बराच वेळ तोंडात घोळवला. "कवळी हाय वाटतं," त्या म्हणाल्या.

पाला चांगला जून होता. त्यांनीच ताट माझ्याकडे सरकवलं. "तू खा. आन् कशी लागती ते मला सांग."

मी खात गेले, सांगत गेले. आधी कडवट लागते, मग लसूण येतो, मग एकदम कपाळात जाते. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. चावत असल्यासारखे त्यांचे ओठ हलत होते. मी थांबले की विचारायच्या, "मग?"

भाकरी संपली.

"मग?"

"संपली, काकू."

"बरं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतर त्यांनी काही खायला मागितलं नाही. तो आठवडा सरायच्या आत त्या गेल्या.