तिसरी तार

कुंदन सकाळपासून धास्तावला होता, आणि त्याला कारण आईचा गळा.

त्याची आई गुणाबाई ही गव्हाणची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळद लागते ती धवलारणीच्या धवळ्यांवर, म्हणजे लग्नाच्या गाण्यांवर, आणि चाळीस वर्षं तिनं मांडव गाजवले होते. गेल्या साली गळ्यातली गाठ काढली आणि तिचा आवाज खाली उतरला. वर चढवायला गेली की फाटायचा. आता तिची नात पूर्वी हिची हळद आलेली, आणि नवरीचा बाप, गुणाबाईचा जावई देवजी, चारचौघांत म्हणाला होता, "आईंना कशाला तरास? पेन ड्राइव्हवर धवले हायेत, ते लावू." म्हातारी दोन दिवस नीट जेवली नाही, एवढंच.

कुंदन बंदराजवळच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि पनवेलला भाड्याच्या खोलीत राहायचा. गिटार मोबाइलवर बघून बघून शिकलेला. ढोलकी सोडून याला हे काय सुचलं म्हणून गाव हसायचं, आणि खरं सांगायचं तर चार कॉर्डच्या पुढे त्याची मजल नव्हती. तेच कॉर्ड धवळ्याला लावले की धवळा पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. मग त्यानं वाजवायचं सोडून खुंट्या पिळायला घेतल्या. महिनाभर सुट्टीच्या दिवशी तोच उद्योग. आई ओटीवर बसून गुणगुणायची आणि तो तारा उतरवत जायचा. कधी तार इतकी ढिली व्हायची की नुसती फडफडायची, कधी परत चढवताना तुटून हातावर बसायची.

शेवटी जमलं. सहाही तारांत फक्त सा आणि पा, तेही आईच्या आताच्या गळ्याचे. तिसरी तार तेवढी मूळ जागी राहिली, बाकी पाच खाली. बोटांची कसरतच नको, नुसता हात फिरवायचा. त्यावर गुणाबाईनं अख्खा धवळा म्हटला आणि आवाज कुठे फाटला नाही.

"हा माजा गला हाय," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

तरी कुंदनची धास्ती जाईना. कारण आईचा एक नेम होता. सुरू केलेला धवळा मध्येच तोडायचा नाही. तोडला तर नवरीच्या संसाराला खोट लागते. मांडवात आवाज फाटून धवळा तुटला तर ती पुन्हा कधी तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

हळदीच्या दिवशी गिटार खुर्चीवर ठेवून तो पाहुण्यांना पाणी द्यायला गेला. परत येतो तोच गुणाबाईनं पाटाशी बसून सूर लावलेला. त्यानं घाईनं गिटार उचलून हात फिरवला. कानात खडे पडल्यागत आवाज आला. कोन गावाहून आलेल्या बँडचा कीबोर्डवाला नीलेश वाकून म्हणाला, "दादा, पार उतरली होती. मी ॲपवर नीट लावून दिली."

बिचारा भलं करायला गेला होता. पण आईच्या गळ्याला लावलेल्या पाचही तारा परत वर चढल्या होत्या. त्या बेसूर आवाजानं आईही बिचकली आणि तिचा सूर वर सरकू लागला. पुढची ओळ तर चढीच होती. साउंडवाल्याशेजारी देवजी पेन ड्राइव्ह घेऊन तयारच उभा होता.

कुंदननं तारांवर पंजा ठेवून त्या गप्प केल्या. मग आठवलं, तिसरी. ती तर कधी हललीच नव्हती. ती एकटीच त्यानं छेडली. गुणाबाईनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तिचा सूर हळूहळू खाली आला.

धवलारणीनं ओळ म्हणायची, मागच्या बायकांनी तीच घ्यायची, मग पुढची ओळ, ही रीत. पण गुणाबाई पुढे गेलीच नाही. तिनं पहिलीच ओळ पुन्हा म्हटली. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि मुकाट घेतली. कुंदननं दुसरी तार उतरवत तिसरीत मिसळली. परत तीच ओळ, मग पाचवी तार. बोटं घामानं खुंटीवरून घसरत होती. मोबाइल खिशातच राहिला; त्याचे कान आईच्या तोंडाकडे लागले होते.

"आई इसरल्या," देवजी कुजबुजला.

सातव्या खेपेला सहावी तार लागली. कुंदननं हात फिरवला, आणि गुणाबाई दुसरी ओळ घेऊन वर गेली. आवाज फाटला नाही.

हळद लागल्यावर देवजीनं विचारलंच, "आई, पयलीच ओल सात येला?"

"माजा पोर मागं रायला व्हता," गुणाबाई म्हणाली. "त्याला टाकून पुडं कशी जाऊ?"