खंडेनवमीची अडचण

"अडचण आहे का तुला?" सरांनी सगळ्यांसमोर विचारलं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या कंपनीत कॉम्प्युटरची पूजा व्हायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि प्रोग्रॅम लिहिणारी बाई तिथं मी एकटीच. झेंडूच्या माळा आमच्या मखमलाबादच्या मळ्यातल्या. आईनेच ओवल्या, पिशवीत भरून लुनाच्या हँडलला अडकवल्या आणि बजावलं, "पिशवीला हात लावू नको. पूजेचं हाय. तिथं कुणाला तरी काढून घ्यायला सांग."

मी ऐकलं. शेजारी बसणाऱ्या संदीपला म्हटलं, पिशवी तेवढी काढून घे. कंपनीचे मालक, आमचे सर, दारातच उभे होते. त्यांच्या बरोब्बर लक्षात आलं.

मी मान खाली घातली. तेच उत्तर झालं. कुणीतरी फिसकन हसलं. कान तापले. कपड्याला डाग तर नाही ना, म्हणून ओढणी मागे ओढून घेतली. पदवी, नोकरी, सगळं कुठच्या कुठे गेलं.

"मग आज मशीनरूममध्ये येऊ नकोस हं," सर म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले. त्या मायेचाच आता जास्त राग येतो.

आत माझा प्रोग्रॅम होता. द्राक्षांच्या एका शीतगृहासाठी मी पावसाळाभर खपून लिहिलेला. मुहूर्त चांगला म्हणून शीतगृहाचे अध्यक्ष तो बघायला नेमके त्याच दिवशी आले. नारळ फुटला, आरती झाली आणि प्रोग्रॅम अडकला. संदीपला त्यातलं ओ की ठो कळेना. सरांनी मला बोलावलं. उंबऱ्यापर्यंतच. मी बाहेरून सांगायचं, संदीपने टाइप करायचं.

मी सांगितलं. लाजेनं मेल्यासारखं झालं, तरी सांगितलं. एकेक ओळ, ओरडून. प्रोग्रॅम चालू झाला. अध्यक्षांनी संदीपची पाठ थोपटली.

"हुशार हाय पोरगा. आन् या ताई कोण?"

"ऑफिसचं बघतात," सर म्हणाले.

संदीपने खाली बघितलं. मी चपला काढल्या आणि आत गेले.

"संदीप, ऊठ."

तो उठला.

"सर, मला पाळी आलीये. आणि हा प्रोग्रॅम मी लिहिलाय."

आवाज फाटला होता. दोनदा चुकीचं बटण दाबलं. अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली, पण बघत राहिले. त्यांना सगळा प्रोग्रॅम मी दाखवला.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, सरांनी रामकुंडावरून गंगेचं पाणी आणून कीबोर्डवर शिंपडलं. कीबोर्ड बंद पडला. "बघितलंस? तुझ्यामुळे." हसू यायला हवं होतं. आलं नाही. घरी आई म्हणाली, "तोंड वर करून सांगायचं काय व्हतं?" आणि मी रात्री ताटातली पोळी तशीच टाकून उठले.

सरांनी राजीनामा मागितला. मी म्हटलं, देणार नाही. काढायचं तर काढा, आणि का काढलं तेही लिहून द्या. त्यांना ते लिहिता आलं नाही.

लाज गेलेली नाही. हे सांगतानाही कान तापलेत. तापू देत. तिच्यापायी मी आता कुठल्याच दाराबाहेर उभी राहणार नाही.